पिस्तुलाचे मॅगझिन बदलताना

प्रॅक्टिकल शूटिंग या नेमबाजीच्या खेळात एका जागी उभे राहून एकाच लक्ष्यावर नेम धरायचा नसतो. लाकडी भिंती, दारे, खिडक्या आणि पिंपे मांडून तयार केलेल्या मैदानात स्पर्धक पिस्तूल घेऊन पुढे सरकतो, ठिकठिकाणी थांबून पुठ्ठ्याची आणि पोलादाची लक्ष्ये टिपतो आणि वाटेतच पिस्तुलातले मॅगझिन बदलतो. हा खेळ चालवणारी आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, १९७६ साली अमेरिकेतील मिसुरी राज्यात कोलंबिया या गावी भरलेल्या परिषदेत स्थापन झाली. अमेरिकी मरीन दलातील माजी अधिकारी जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष. अचूकता, जोर आणि वेग या अर्थाचे तीन लॅटिन शब्द हे संघटनेचे ब्रीद आहे आणि खेळाचे नियम या तिघांची सांगड घालण्यासाठीच रचलेले आहेत.

गुणांचा हिशेब त्यामुळे थोडा वेगळा आहे. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले जाते आणि ज्याचा भागाकार सर्वांत मोठा तो त्या फेरीत पहिला. समजा, एका मोठ्या फेरीत ३२ गोळ्या झाडायच्या आहेत आणि प्रत्येक गोळी लक्ष्याच्या मधल्या भागात लागून ५ गुण मिळाले. एकूण १६० गुण झाले. ही फेरी २० सेकंदांत संपली तर भागाकार ८ येतो. १८ सेकंदांत संपली तर ८.८९. नेम तोच, गुण तेच, पण निकालात अकरा टक्क्यांचा फरक. हे दोन सेकंद कुठून काढायचे? ‘प्रॉडक्शन’ या लोकप्रिय गटात एका मॅगझिनमध्ये जास्तीत जास्त १५ काडतुसे भरता येतात, म्हणजे ३२ गोळ्यांच्या फेरीत मॅगझिन किमान दोनदा बदलावे लागते. नवख्या माणसाला एका बदलाला तीन-चार सेकंद सहज लागतात. क्लबातला नियमित खेळाडू दीड-दोन सेकंदांत काम उरकतो, आणि वरच्या दर्जाचे स्पर्धक उभ्या जागी आधीच्या गोळीपासून पुढच्या गोळीपर्यंत सुमारे एक सेकंदच घेतात. नेम सुधारायला वर्षे जातात. मॅगझिन बदलण्याचा वेळ मात्र काही आठवड्यांच्या घरच्या सरावाने निम्म्यावर येऊ शकतो. या खेळातले जुने लोक नवशिक्यांना आधी इकडे वळवतात ते याच कारणाने.

मॅगझिन ही वस्तू दिसायला साधी आहे. पत्र्याची किंवा प्लास्टिकची पोकळ पेटी, तिच्यात स्प्रिंग, स्प्रिंगवर काडतुसांना वर ढकलणारी पट्टी, खाली तळपट्टी आणि वरच्या तोंडाशी आत वळवलेल्या दोन कडा. काडतूस किती उंचीवर आणि कोणत्या कोनात उभे राहील हे या कडा ठरवतात. त्या जराशा फाकल्या किंवा दबल्या तरी काडतूस अडकते. अमेरिकी लष्कराने १९११ साली स्वीकारलेल्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये सात काडतुसे एकाखाली एक बसत. पुढे बेल्जियममधील एफएन कंपनीत द्युदोने सैव्ह यांनी दोन ओळींचे मॅगझिन घडवले आणि १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलात १३ काडतुसे मावू लागली. काडतुसांच्या दोन ओळी तोंडाशी येताना एक होतात, त्यामुळे असे मॅगझिन वरच्या बाजूला निमुळते असते. बदलताना याचा आयताच फायदा मिळतो, कारण निमुळते टोक रुंद तोंडात शिरवायचे असते. सरळ, सडपातळ मॅगझिन तेवढ्याच सडपातळ खाचेत बसवणे जास्त कठीण. काही गटांत पिस्तुलाच्या मुठीला खालून नरसाळ्यासारखे पसरट तोंड जोडायची परवानगी असते. प्रॉडक्शन गटात ती नसते.

सरावात मॅगझिने शेकडो वेळा जमिनीवर आपटतात, वाळू आणि माती आत जाते. म्हणून बहुतेक स्पर्धक सरावाची आणि स्पर्धेची मॅगझिने वेगळी ठेवतात आणि प्रत्येकाच्या तळपट्टीवर रंगाने क्रमांक घालतात. एखादे काडतूस अडकले की दोष पिस्तुलाचा की तिसऱ्या क्रमांकाच्या मॅगझिनचा, हे लगेच कळते. क्रमांक नसतील तर माणूस महिनोन्‌महिने पिस्तुलालाच दोष देत बसतो. स्प्रिंगबद्दलही एक समज प्रचलित आहे, की मॅगझिन भरून ठेवले तर स्प्रिंग मरते. चांगल्या पोलादाची स्प्रिंग नुसती दबून राहिल्याने फारशी थकत नाही. तिला झिजवते ते पुन्हापुन्हा दबणे आणि सुटणे. सरावाची मॅगझिने आधी कामातून जातात ती त्यामुळेच.

मॅगझिन बदलण्याचे तीन प्रसंग येतात. पहिला, शेवटची गोळी सुटून स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, मागेच अडकून राहिल्यावर. तेव्हा रिकामे मॅगझिन टाकून नवे घालायचे आणि वर स्लाइड पुढे सोडायची एक जादा कृतीही करायची. दुसरा, पिस्तुलात गोळ्या शिल्लक असतानाच अर्धवट मॅगझिन जमिनीवर सोडून भरलेले घालण्याचा. तिसरा, अर्धवट मॅगझिन खाली न टाकता खिशात किंवा पट्ट्याला जपून ठेवण्याचा. १९९६ साली सुरू झालेल्या आयडीपीए या दुसऱ्या संघटनेच्या स्पर्धांत हा तिसरा प्रकार महत्त्वाचा आहे, कारण काडतुसे मागे टाकून जाणे तिथे खपत नाही. आयपीएससीच्या खेळात मात्र दुसऱ्या प्रकाराचेच राज्य आहे. लक्ष्ये कुठे किती आहेत हे स्पर्धकाला आधी फिरून पाहता येते. त्यावरून तो मॅगझिन कुठे बदलायचे ते ठरवून ठेवतो, आणि ते ठिकाण बहुधा एका जागेवरून दुसऱ्या जागी जातानाच्या वाटेवर असते. पाय चालत असतानाच हात आपले काम उरकतात आणि बदलाचा वेळ जवळजवळ फुकटात पडतो. शेवटच्या गोळीपर्यंत थांबून स्लाइड अडकू देणारा खेळाडू म्हणजे हिशेब चुकलेला खेळाडू, असे मैदानावर मानले जाते.

या दुसऱ्या प्रकाराचा एक परिणाम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जुने मॅगझिन जमिनीवर पडते आणि नवे अजून आत गेलेले नसते, त्या क्षणीही पिस्तूल भरलेलेच असते. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, एक काडतूस तयार असते आणि बऱ्याच पिस्तुलांत ते मॅगझिनविनाही उडते. मॅगझिन नसलेले पिस्तूल म्हणजे रिकामे पिस्तूल, हा समज नवख्यांच्या मनात खोल रुतलेला असतो आणि नेमबाजीतल्या कितीतरी अपघातांच्या मुळाशी तोच सापडतो. मॅगझिन बदलण्याची सगळी कसरत भरलेल्या शस्त्रानिशी चालते, म्हणून तिचा वेग आणि तिची शिस्त वेगवेगळ्या वेळी शिकता येत नाहीत.

उजव्या हाताच्या माणसाच्या हालचाली अशा क्रमाने होतात. गोळी सुटताच तर्जनी ट्रिगरवरून उचलली जाऊन ट्रिगरभोवतीच्या कड्याबाहेर, पिस्तुलाच्या अंगाला लागून सरळ होते. आयपीएससीच्या नियमाप्रमाणे भरताना, बदलताना, अडकलेले काडतूस काढताना आणि चालताना बोट बाहेर असणे पुरेसे नाही, ते पंचांना स्पष्ट दिसले पाहिजे. बोट आत दिसले तर स्पर्धकाला स्पर्धेतून बाद केले जाते. त्याच वेळी अंगठा मॅगझिन सोडण्याचे बटण दाबतो. अंगठा तिथवर पोहोचावा म्हणून बहुतेकांना मुठीची पकड थोडी वळवावी लागते. डावखुऱ्यांना हेच बटण तर्जनीने किंवा मधल्या बोटाने दाबावे लागते. अलीकडच्या बऱ्याच पिस्तुलांत ते दुसऱ्या बाजूला बसवून घेता येते. पिस्तूल छातीच्या वरच्या भागासमोर, डोळ्यांच्या रेषेच्या जरा खाली, कोपर वाकवून जवळ घेतले जाते. ते कमरेपर्यंत खाली आणले तर नजर मैदानावरून सुटते आणि परत वर नेण्यात वेळ जातो. मुठीचे खालचे तोंड कमरेला डावीकडे लावलेल्या मॅगझिनच्या पाउचच्या दिशेने तिरके होते, नळी मात्र समोरच्या मातीच्या बांधाकडेच राहते.

डावा हात या सगळ्याची वाट पाहत थांबत नाही. अंगठा बटणाकडे जात असतानाच तो कमरेच्या पाउचकडे निघालेला असतो. पाउचमध्ये मॅगझिने गोळ्यांची टोके पुढे करून ठेवलेली असतात, म्हणजे हात खाली जाताच तर्जनी मॅगझिनच्या पुढच्या कडेवरून लांब पसरते आणि तिचे टोक सर्वांत वरच्या गोळीच्या नाकाशी टेकते. हे बोट म्हणजे दिशादर्शक. ते जिकडे जाईल तिकडे मॅगझिनचे तोंड जाते. मॅगझिन वर येत असताना नजर एका झटक्यात मुठीच्या तोंडावर येते. न पाहता बदलण्याचे कौतुक ऐकायला बरे वाटते, परंतु वेगवान खेळाडू बघूनच बदलतात. मॅगझिनची मागची कड मुठीच्या मागच्या भिंतीला टेकते, ते सरळ होते आणि तळव्याच्या खालच्या भागाने जोराने वर ठोकले जाते. अर्धवट बसलेले मॅगझिन एक गोळी उडाल्यावर खाली घसरते, म्हणून या शेवटच्या ठोक्यात कसूर चालत नाही. तळहात ठोक्यानंतर लांब न जाता तिथूनच वर सरकून पिस्तुलाची दोन हातांची पकड पूर्ण करतो, आणि नजर तोवर पुढच्या लक्ष्यावर गेलेली असते.

यातला वेळ नेमका कुठे जातो, याचे उत्तर नेमबाजांच्या कितीतरी आधी मानसशास्त्रज्ञांनी शोधले होते. रॉबर्ट वुडवर्थ यांनी १८९९ सालीच दाखवले, की एखाद्या जागी नेमका हात नेण्याच्या हालचालीचे दोन भाग असतात. पहिला झपाट्याचा, आधीच ठरवून सोडलेला; दुसरा डोळ्यांच्या मदतीने सुधारत नेलेला, सावकाश. अमेरिकेतील पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये याला गणिताचे रूप दिले: अंतर वाढले की वेळ वाढतो आणि पोहोचायची जागा अरुंद झाली की वेळ वाढतो. त्यांच्या प्रयोगांपैकी एकात तर माणसांना खुंट्या उचलून भोकांमध्ये घालायच्या होत्या, म्हणजे मॅगझिन बदलण्याचीच जवळची बहीण. पाउचपासून मुठीपर्यंतचे अंतर हात कितीही वेगाने कापू शकतो. शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर मात्र सुईत दोरा ओवण्यासारखे असतात. तिथे घाई केली की टोक कडेवर आपटते आणि वाचवलेल्या दशांशाऐवजी पूर्ण सेकंद जातो. शिकवणारे म्हणूनच सांगतात, की पाउचपर्यंत आणि पाउचपासून तोंडापर्यंत हात उधळू द्यावा, तोंडाशी क्षणभर लगाम खेचावा आणि मग ठोकावे. सगळी हालचाल एकाच संथ गतीने घोटत राहणारा माणूस अचूक होतो, पण वेगवान होत नाही. सगळीकडे सारखीच घाई करणारा यांपैकी काहीच होत नाही.

या सरावाचा मोठा भाग गोळी न झाडता होतो. त्याला सर्वत्र ड्राय प्रॅक्टिस किंवा ड्राय फायर म्हणतात आणि ऑलिंपिकच्या तयारीतले नेमबाजही रोज तो करतात. खर्च नाही, आवाज नाही. तरी धोका आहे, आणि म्हणून त्याचे काही नियम ठरून गेलेले आहेत. सरावाच्या खोलीत एकही जिवंत काडतूस असू नये. ते दुसऱ्या खोलीत, शक्यतो कुलपात असावे. पिस्तूल आणि प्रत्येक मॅगझिन रिकामे आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोन्ही प्रकारे तपासावे. नळी अशा भिंतीकडे असावी जी गोळी अडवू शकेल आणि जिच्यापलीकडे कोणी नाही. सराव संपला की तो संपला असे मोठ्याने म्हणून पिस्तूल लगेच ठेवून द्यावे. ‘आणखी एकदाच’ म्हणून पुन्हा उचललेले पिस्तूल, तेही मध्यंतरी भरून ठेवलेले, हा घरातल्या अपघातांचा ठरलेला नमुना आहे. सरावासाठी वापरायची डमी काडतुसे रंगाने किंवा आकाराने खऱ्यांपासून चटकन वेगळी ओळखू येणारी असावीत. .२२ बोअरच्या शस्त्राबाबत आणखी एक पथ्य: रिकाम्या चेंबरवर घोडा पाडला तर टाचणी चेंबरच्या कडेवर आपटून दोन्ही खराब होऊ शकतात, म्हणून शस्त्राच्या पुस्तिकेत परवानगी आहे का ते आधी पाहावे.

मॅगझिन बदलण्याच्या ड्राय प्रॅक्टिससाठी फार काही लागत नाही. पायाशी जाड सतरंजी किंवा गादी अंथरली की पडणारी मॅगझिने चेपत नाहीत. ज्या पाउचसह आणि पट्ट्यासह स्पर्धा खेळायची तोच बांधावा. मॅगझिनमध्ये डमी भरून वजन खऱ्याच्या जवळ आणणे बरे, कारण रिकामे मॅगझिन हलके असते, कधी मुठीतून सुटतच नाही आणि हाताला खोटा अंदाज लावते. मग पूर्ण हालचाल न करता तिचा एकच तुकडा घ्यायचा. अमेरिकी नेमबाज मॅट बर्केट यांच्या नावाने ओळखला जाणारा सराव असाच आहे: जुने मॅगझिन सोडायचे, नवे मुठीच्या तोंडापर्यंत आणायचे आणि तिथेच थांबायचे, आत घालायचे नाही. थांबल्यावर पाहायचे, की टोक बरोबर तोंडाशी आहे का, बोट ट्रिगरबाहेर आहे का, नळी कुठे वळली आहे. पहिल्या दिवशी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळत नाहीत. त्या वीस-पंचवीस वेळा सलग जुळल्या की उरलेली ठोकण्याची आणि पकड घेण्याची हालचाल जोडायची.

शॉट टायमर हे यातले मोठे साधन. मैदानावर हे यंत्र गोळीचा आवाज टिपून वेळ मोजते. घरी त्याच्यावर दोन शिट्ट्यांमधला अवधी ठरवून देता येतो. सुरुवात दोन सेकंदांनी करावी. दहापैकी आठ-नऊ वेळा काम वेळेत आणि नीट झाले की अवधी एक दशांशाने कमी करावा. हात गडबडू लागले की तिथेच थोडा वेळ रेंगाळावे. इथे एक मोह असतो: वेळ जुळावी म्हणून मॅगझिन नीट ठोकले न जाताच पिस्तूल वर उचलण्याचा. टायमरला तो फरक कळत नाही. पिस्तुलाला पहिल्याच खऱ्या गोळीला कळतो. दहा-पंधरा मिनिटांचा रोजचा सराव रविवारच्या दोन तासांपेक्षा चांगला, कारण थकलेला हात चुकीचीच हालचाल पक्की करतो.

एकच कृती सलग घोटणे बरे की वेगवेगळ्या कृती मिसळणे बरे, यावरही अभ्यास झाला आहे. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगात हातांच्या हालचाली सरमिसळ करून शिकणारे लोक सरावाच्या वेळी मागे दिसले, पण काही दिवसांनी तपासल्यावर त्यांच्याच लक्षात जास्त राहिले होते. त्यावरून निघणारा धडा नेमबाजीला लागू पडतो. हालचाल नवी असताना ती सलग घोटावी. ती अंगवळणी पडू लागली की उभ्याने, डावीकडे चालत, उजवीकडे चालत, गुडघ्यावर, पहिल्या पाउचमधून आणि तिसऱ्या पाउचमधून असा क्रम बदलत राहावा.

चालताना बदलण्याचा सराव मात्र सावधपणे करावा लागतो. आयपीएससीच्या मैदानावर नळी समोरच्या दिशेपासून डावीकडे किंवा उजवीकडे ९० अंशांपलीकडे वळली की स्पर्धक बाद. उजव्या हाताच्या माणसाची नळी मॅगझिन बदलताना सहजच शरीराच्या डावीकडे झुकते. तो मैदानात डावीकडे पळत असेल तर ही ‘सहज’ दिशा मागच्या, प्रेक्षकांच्या बाजूची असते. बाद होण्याचे असे प्रसंग अनुभवी लोकांवरही येतात. उपाय म्हणजे कंबर शक्य तितकी समोर ठेवून तिरके पळणे आणि मनगट मुद्दाम उजवीकडे, बांधाकडे वळवून धरणे. घरी याची तालीम करताना समोरच्या भिंतीच्या दोन कोपऱ्यांवर खूण करावी आणि नळी त्या खुणांमधून बाहेर जाऊ देऊ नये.

खऱ्या गोळ्यांनी सराव करताना काडतुसांचा खर्च असतो, म्हणून ठरीव कसोट्या उपयोगी पडतात. जेफ कूपर यांनी रचलेली ‘एल प्रेसिडेंते’ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. दहा यार्डांवर एकेका यार्डाच्या अंतराने तीन लक्ष्ये. नेमबाज पाठ करून उभा. इशारा होताच वळायचे, पिस्तूल काढायचे, प्रत्येक लक्ष्यावर दोन गोळ्या, मॅगझिन बदलायचे आणि पुन्हा प्रत्येकावर दोन. त्या काळी दहा सेकंद ही उत्तम वेळ मानली जाई. आजचे कसलेले स्पर्धक त्याच्या निम्म्या वेळात संपवतात. याहून सोपी कसोटी म्हणजे एक गोळी, बदल, एक गोळी. दोन काडतुसांत बदलाचा निव्वळ वेळ कळतो, आणि दुसऱ्या गोळीचे भोक कुठे पडले यावरून पकड नीट परत आली की नाही तेही कळते.

रिव्हॉल्व्हरला मॅगझिन नसते, तरी त्याची हकिकत इथे सांगायलाच हवी. सहा काडतुसे एका पातळ धातूच्या चकतीत अडकवून एकदम चक्रात सोडता येतात. जेरी मिक्युलेक यांनी १९९९ साली सहा गोळ्या, पुन्हा भरणे आणि आणखी सहा गोळ्या, हे सगळे २.९९ सेकंदांत करून दाखवले.

सवयींच्या ताकदीबद्दल नेमबाजीच्या वर्गांत एक कथा नेहमी सांगितली जाते. एप्रिल १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथे महामार्ग पोलिसांचे चार जवान चकमकीत मारले गेले. त्यांच्यापैकी एकाच्या खिशात रिकाम्या पुंगळ्या सापडल्या, कारण सरावाच्या मैदानावर पुंगळ्या गोळा करायची सवय हाताला जडली होती, असे म्हणतात. पुढे बारकाईने तपासल्यावर पुंगळ्यांच्या या गोष्टीला आधार सापडला नाही. जे खरे आहे तेही कमी बोलके नाही: तो जवान सुटी काडतुसे एकेक करून रिव्हॉल्व्हरमध्ये भरत होता, आणि त्या घटनेनंतर त्या दलाने सहा काडतुसे एकदम भरण्याचे साधन स्वीकारले. छंदाच्या खेळात प्राण पणाला नसतात, तरी हाताचा स्वभाव तोच. सरावात जे वारंवार केले तेच गडबडीत बाहेर येते, चुकीचे असले तरी.

म्हणून मॅगझिन भरण्याइतकाच पिस्तूल रिकामे करण्याचा क्रम घोटावा लागतो. आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे ओढून चेंबरमधले काडतूस बाहेर टाकायचे, मग चेंबर डोळ्यांनी पाहायचे. क्रम उलटला की काय होते? मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली तर चेंबरमधले काडतूस बाहेर पडते खरे, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधले पुढचे काडतूस चेंबरमध्ये नेऊन ठेवते. नंतर मॅगझिन काढून माणूस निर्धास्त होतो. बाहेर पडलेले काडतूस त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते, म्हणून त्याची खात्री अधिकच पक्की असते. आयपीएससीच्या फेरीअखेरीस रेंज ऑफिसर आधी रिकामे करून दाखवायला सांगतो, स्वतः चेंबर पाहतो आणि मगच पिस्तूल समोर रोखून घोडा पाडायला लावतो. या उतरंडीत एखादी पायरी चुकली तरी गोळी मातीच्या बांधात जाते.

बाहेर पडणारे काडतूस झेलण्यासाठी स्लाइडच्या खिडकीवर तळहात धरण्याची लकब काही जणांना असते. ती सोडून द्यावी. काडतूस आतल्या टोकदार भागावर आपटून हातातच फुटल्याचे प्रकार घडले आहेत. पिस्तूल हातातून निसटले तर झेलू नये, पडू द्यावे, कारण झेलणारे बोट बहुधा ट्रिगरवरच पडते. स्पर्धेच्या ठिकाणी शस्त्र हाताळायला आखून दिलेली सुरक्षित जागा असते. तिथे पिस्तूल बाहेर काढता येते, पण काडतुसे हातात घेता येत नाहीत, डमीसुद्धा नाहीत. मॅगझिने भरणे चालते ते त्या जागेच्या बाहेर, पिस्तूल म्यानात असताना. शस्त्र आणि काडतूस यांची एका वेळी एकाच ठिकाणी गाठ पडू द्यायची नाही, ही त्यामागची योजना. शिवाय मॅगझिने भरणाऱ्या बोटांना शिसे लागते. हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये.

भारतात या खेळाला वाव थोडा आहे. आयपीएससीच्या मैदानांवर सर्रास चालणारा ९ मिमी बोअर भारतात निषिद्ध बोअरमध्ये मोडतो आणि तो सामान्य परवान्यावर मिळत नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनुसार परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येत नाही, त्यामुळे घरच्या घरी सराव ही गोष्टही परवानाधारकापुरतीच. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी माणसांना स्थानिक क्लबांतून हा खेळ खेळता येतो. भारतात रुजली आहे ती ऑलिंपिक पद्धतीची नेमबाजी. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष होते; त्यांच्या नावाची स्पर्धा आजही होते.

ऑलिंपिक पद्धतीतही मॅगझिनशी गाठ पडते. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात ३० गोळ्या अचूकतेच्या आणि ३० जलद असतात, आणि त्या पाच-पाचच्या मालिकांत झाडल्या जातात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले. इथे मॅगझिन बदलण्याचा वेग मोजला जात नाही. ‘लोड’ हा हुकूम झाल्यावर एक मिनिट मिळते आणि त्यात पाच काडतुसे भरलेले मॅगझिन चढवायचे असते. बऱ्याच ऑलिंपिक दर्जाच्या .२२ पिस्तुलांत ते मुठीत नसून ट्रिगरच्या पुढे असते, त्यामुळे हालचालही निराळी. तरीही सवयीचे मोल कमी होत नाही. पाचऐवजी चारच काडतुसे भरली गेली, किंवा मॅगझिन नीट न बसल्याने गोळी सुटली नाही, तर ती खेळाडूची चूक ठरते आणि न सुटलेल्या गोळीला शून्य मिळते. शस्त्रात खरोखर बिघाड असेल तर मालिका पुन्हा किंवा पूर्ण करू देतात. विसरभोळेपणाला ती सवलत नाही. म्हणून चांगले नेमबाज पाच-पाच काडतुसे आधीच वेगळी मांडून ठेवतात आणि प्रत्येक वेळी मॅगझिन चढवल्यावर ते खाली ओढून पाहतात.

एनसीसीत .२२ रायफल चालवलेल्यांना ‘भर’ आणि ‘खाली कर’ हे हुकूम आठवत असतील. हुकमाशिवाय काडतुसाला हात न लावण्याची ती शिस्त मोठ्या स्पर्धांतही जशीच्या तशी लागते. ज्यांना हा छंद नव्याने सुरू करायचा आहे त्यांनी जिल्ह्याच्या किंवा शहराच्या रायफल क्लबात नाव घालावे आणि प्रशिक्षकाकडून पिस्तूल रिकामे करून दाखवण्याचा क्रम सर्वांत आधी शिकून घ्यावा. भरणे, बदलणे आणि टायमर त्यानंतरचे.